डावीकडे ओढणारं विमान

कवळीकाका विमानं बनवायचे, पण स्वतः विमानात एकदाही बसले नव्हते. कुणी यावरून चिडवलं की म्हणायचे, "मी कवळ्याही बनवतो, आणि माझे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत."

कवळ्या बनवणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे प्लास्टरचे जबडे फळीवर ओळीने मांडलेले असायचे, आणि टेबलापाशी पांढरा अ‍ॅप्रन घालून काका मेणात एकेक दात बसवत बसायचे. अठ्ठावीस वर्षं हेच चाललं होतं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचं हसू त्यांच्या हातचं होतं, म्हणून नाव पडलं कवळीकाका.

विमानांचं काम घरी, पहाटे पाच ते सात. संगणकावर विमान उडवायचा एक सिम्युलेटर असतो. त्याला खेळ म्हटलेलं शौकिनांना खपत नाही. त्यात काही विमानं आयतीच मिळतात, पण मन तेवढ्यावर भागत नाही. मग हौशी लोक आपापली विमानं घरी घडवतात आणि एका संकेतस्थळावर ठेवतात. ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं, फुकट. काकांनी अकरा वर्षांत सात विमानं ठेवली होती. तिथे ते 'दाढ' या नावाने लिहायचे. मोठी, चकचकीत विमानं त्यांना नको असायची. जी कारखान्यातून चाळीस-पन्नासच निघाली, ज्यांची आठवण कुणी ठेवली नाही, अशी विमानं ते हुडकून काढायचे. जुन्या मासिकातला आराखडा मिळवायचा, पंखांची मापं काढायची, पत्र्याचा रिव्हेट न् रिव्हेट बसवायचा, मग वजन, इंजिनाची ताकद, चाकांमधलं अंतर हे सगळं आकड्यांत लिहून काढायचं. वर्ष-दीड वर्ष सहज जायचं.

त्यांची बायको पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर होती. दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकून घरी आली, की नवऱ्याच्या संकेतस्थळावरच्या तक्रारी तिला चेष्टेच्या वाटायच्या. "आधी 'बरोबर आहे तुमचं' असं लिहा," ती शिकवायची. "अर्धा राग तिथेच उतरतो. मग काय ते सांगा." काकांनी तो धडा गिरवला होता. दाढ हा माणूस फार सभ्य आहे, असा त्यांचा तिथे लौकिक होता.

आठवं विमान टपालाचं होतं. एक इंजिन, आठ माणसं, मागे छोटं चाक. जमिनीवर डुलत चालायचं म्हणून वैमानिक त्याला 'बदक' म्हणायचे. काकांनी ते शनिवारी सकाळी संकेतस्थळावर चढवलं. मंगळवारी दुपारी त्यांची बायको खिडकीवरच गेली. तिने मान खाली घातली, आणि शेजारच्या बाईला वाटलं की ती खणात पेन शोधतेय.

फोन आला तेव्हा काका एक कवळी पॉलिश करत होते. त्यांनी मोटार बंद केली, हात धुतले, अ‍ॅप्रन खुंटीला लावला आणि निघाले. इस्पितळात एक तरुण डॉक्टर त्यांच्याशी हळू आवाजात बराच वेळ बोलला. काकांच्या लक्षात एवढंच राहिलं, की त्याचा वरचा डावा सुळा बसवलेला आहे आणि रंग जरा चुकलाय. जिथे सांगितलं तिथे त्यांनी सह्या केल्या.

मुलगी दुसऱ्या शहरातून आली. मेहुणीही आली आणि राहिली. माणसं येत होती, जात होती, काकांचा हात हातात घेत होती. काका सगळ्यांना बसा म्हणत होते. आतून काही हलत नव्हतं. सुन्न केलेल्या जबड्यावर बोटाने टकटक करावं आणि ती टकटक फक्त ऐकू यावी, तसं चाललं होतं.

पाचव्या दिवशी पहाटे त्यांना नेहमीसारखी जाग आली. हातांना सवय होती, त्यांनी संगणक लावला. बदकावर एकतीस तक्रारी येऊन पडल्या होत्या. काकांनी पहिलीपासून सुरुवात केली. बरोबर आहे तुमचं. बरोबर आहे तुमचं.

सातच्या सुमाराला मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, काय करताय?"

"चाक जमिनीत बुडतंय."

"काय?"

"मागचं चाक. धावपट्टीत चार बोटं आत जातंय. उंचीचा आकडा चुकलाय माझा."

मुलगी काही वेळ पडद्याकडे बघत राहिली. "आई जाऊन चार दिवस झाले," ती म्हणाली, "आणि तुम्ही चाक वर काढताय."

ती म्हणत होती ते खरंच होतं. काकांनी मान हलवली आणि आकडा बदलला. मुलीने दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. ते त्यांना आपटण्यापेक्षा मोठं वाटलं. तेही वाटलं म्हणजे काय, समजलं.

पुढच्या आठवड्यात ती आपल्या नोकरीवर परत गेली. रोज फोन करायची. जेवलात का, जेवलो. झोप लागते का, लागते. त्यापुढे गाडी सरकत नसे. काका कामावर जाऊ लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडे दिवस घरी राहा. काका म्हणाले, घरी काय करू? त्यांच्या कामात खोट नव्हती, एकही कवळी परत आली नाही. घरी आल्यावर ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवायचे आणि ताट लगेच विसळून टाकायचे.

बदकाची सगळ्यात मोठी तक्रार चाकाची नव्हतीच. उड्डाणासाठी जोर दिला की ते धावपट्टी सोडून डावीकडे गवतात जायचं. वीसेक जण त्यावरून हात धुवून मागे लागले होते. 'गाढवासारखं ओढतं', 'तुम्ही एकदा तरी चालवून पाहिलंत का?' काकांनी जुनी पुस्तकं बघून तो ओढा घातला होता. मोठ्या पंख्याच्या विमानात तसं होतंच. पण वाद घालायचं त्यांच्या जिवावर आलं. एके पहाटे त्यांनी तो आकडा पाचाचा एक करून टाकला आणि दुसरी आवृत्ती चढवली. लोक खूश झाले. काकांना ना आनंद झाला, ना वाईट वाटलं.

दहा दिवसांनी एक पत्र आलं. लिहिणाऱ्याने खाली नुसतं 'कप्तान' लिहिलं होतं.

'तुमचं पहिलं बदक मी उडवलं आणि खुर्चीतून उठलो,' त्यात होतं. 'एकोणीस वर्षं मी त्यातून टपाल नेलं. ते असंच डावीकडे पळायचं. आता तुम्ही त्याला शहाणं केलंत. आमचं बदक शहाणं नव्हतं. कुणाच्या सांगण्यावरून केलंत? शिवाय पेट्रोलच्या टाकीचा खटका तुम्ही चुकीच्या जागी लावलाय. नेमका कुठे ते लिहून सांगता येत नाही, हाताला माहीत आहे. एकदा या.'

खाली पत्ता होता. बसने अडीच तास.

काकांनी शनिवारी जायचं ठरवलं. नेमकी त्याच शनिवारी मुलगी आली होती. मावशीबरोबर आईचं कपाट आवरायचं ठरलं होतं. बायकोला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. काका बूट घालताना दिसले तशी तिने कुठे म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं. मेहुणीने कपाळावर हात मारला. "भाऊजी, आज? आजच्या दिवशीसुद्धा विमान?"

मुलीने पर्स उचलली. "मी येते त्यांच्याबरोबर. कपाट उद्या."

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती आणि काका समोरच्या सीटच्या पाठीवरचा उसवलेला टाका बघत होते. अडीच तासांत दोघं मिळून चार वाक्यंही बोलली नसतील.

कप्तान एक्याऐंशी वर्षांचे होते, उंच, थोडे वाकलेले. दार त्यांनीच उघडलं. घरात एकटेच राहायचे. बैठकीच्या खोलीत संगणक, विमान वळवायचा दांडा, त्यापुढे स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणि जमिनीवर पायाने दाबायच्या दोन पट्ट्या.

"दाढ म्हणजे तुम्ही होय?" ते म्हणाले. "मला वाटलं, कुणी पंचविशीतला पोरगा असेल. बसा. चहा मागाहून."

त्यांनी पहिली आवृत्ती लावली. चष्मा काढून ठेवला. "डोळे गेलेत बरेचसे. पण धावपट्टी दिसते." इंजिन सुरू झालं. त्यांचा उजवा हात थरथरत होता, पण दांड्यावर बसल्यावर शांत झाला. बदकाने डावीकडे उडी घेतली, आणि कप्तानांचा उजवा पाय आधीच खाली गेलेला होता. विमान नाकासमोर धावत वर निघालं. वर गेल्यावर त्यांनी न बघता डावा हात खाली नेला, खुर्चीच्या पायापाशी हवेत काहीतरी चिमटीत धरलं आणि फिरवलं.

"हा बघा. खटका."

काकांनी खिशातून मोजपट्टी काढली. ती कायम त्यांच्या खिशात असायची. "हात तसाच ठेवा," ते म्हणाले आणि गुडघ्यावर बसले. आपल्या खोलीत एखाद्या म्हाताऱ्याच्या जबड्याचं माप घ्यावं, तसं त्यांनी माप घेतलं: खुर्चीच्या कडेपासून किती, जमिनीपासून किती, मनगट किती वळलंय. मुलीने न सांगता पर्समधून वही काढली आणि आकडे लिहून घेतले.

"माझ्याकडच्या फोटोत खटका समोर होता," काका म्हणाले.

"तो नंतरच्या विमानांत. समोर लावला आणि दोघा वैमानिकांनी चुकीच्या वेळी फिरवला." कप्तान थांबले. "त्यातला एक माझा मित्र. असो. तुम्हाला कोण सांगणार हे. घरी कोण कोण असतं?"

मुलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण काकाच बोलले.

"ही माझी मुलगी. बायको गेली. तीन महिने झाले."

हे वाक्य त्यांनी आजवर स्वतःच्या तोंडाने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं. त्यांनी थोडं थांबून पाहिलं, काही होतंय का. काही झालं नाही. गुडघा तेवढा दुखत होता.

कप्तानांनी हळहळ केली नाही. "बरं," ते म्हणाले. मग मुलीकडे वळले. "तू ये गं, बस इथे. बापाचं विमान कधी चालवलंस की नाही?"

"नाही. मला त्यातलं काही कळत नाही."

"मलाही पहिल्या दिवशी कळत नव्हतं. उजवा पाय दाब. आणखी. अगं, गवतात निघालीस, दाब!"

बदक गवतात गेलं, कुंपण तोडून उलटलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या खेपेला ते धावपट्टीवरून उठलं, वाकडंतिकडं, पण उठलं, आणि मुलगी मोठ्याने हसली. हसून झाल्यावर तिने दचकून बापाकडे पाहिलं, चोरी पकडल्यासारखं.

"पंख सरळ कर," काका म्हणाले. "डावा खाली जातोय."

परतीच्या बसमध्ये ऊन तिरपं आत येत होतं. अर्धा रस्ता संपल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला त्या दिवशी बोलले."

"खरंच होतं ते."

"तुम्ही रडला नाहीत. एकदाही."

"येत नाही," काका म्हणाले. "वाट बघतोय. तुला वाटत असेल, या माणसाला काही नाहीच."

ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी रडले ना सगळ्यांसमोर, पहिल्या दिवशी? लोक बघत होते म्हणून रडले. त्यानंतर मलाही आलेलं नाही. मावशी फोनवर रडते, मी 'हो गं, हो गं' करते आणि नखं बघत बसते. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय. आणि तुम्हाला पाहिलं की वाटायचं, हे आपल्याला यांच्याकडूनच आलं. म्हणून राग यायचा."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, ते त्यांना आज दिसलं. त्यांनी तिच्या मांडीवरची वही उचलली, आकडे वाचले आणि परत ठेवली.

"चार सेंटीमीटर लिहिलंयस. चौदा होतं."

"चौदाच आहे. माझा एक नुसत्या रेघेसारखा दिसतो."

"हं," काका म्हणाले. आणि वही ठेवताना तिच्या हातावर आलेला आपला हात त्यांनी बस थांबेपर्यंत तिथेच राहू दिला.

तिसरी आवृत्ती पंधरा दिवसांनी आली. खटका डाव्या बाजूला खाली गेला आणि ओढा पुन्हा पहिल्यासारखा झाला. सोबतच्या सूचनेत काकांनी लिहिलं, 'डावीकडे ओढतं. ते तसंच होतं. उजवा पाय दाबा.' पुन्हा तक्रारी आल्या. या वेळी कप्तानच उत्तरं द्यायचे, आणि त्यांना सभ्यपणाचा सोस नव्हता. दर गुरुवारी ते काकांना फोन करून आठवड्याची उड्डाणं ऐकवायचे. मुलीने स्वतःच्या घरी दोन पट्ट्या घेतल्या. रविवारच्या तिच्या फोनमध्ये जेवलात का याच्यानंतर आता आणखीही काही असायचं, बहुधा कुंपणाचं.

कपाट मात्र कप्तानांकडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी आवरलं होतं. मेहुणी घड्या घालत होती, डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता म्हणाली, "भाऊजी, थोडं मोकळं व्हा हो. रडून घ्या एकदा."

"नाही आलं अजून," काका म्हणाले.

"मावशी, राहू दे," मुलगी म्हणाली. "येईल तेव्हा येईल."

तिने स्वतःसाठी एक राखाडी स्वेटर बाजूला काढला. काकांनी काहीच ठेवून घेतलं नाही, मग बायकोच्या कार्यालयाच्या ओळखपत्रावर नजर गेली तेव्हा ते खिशात टाकलं. बाकीचं तीन खोक्यांत भरलं. खोकी जड झाली होती. एकट्याला उचलेनात, तेव्हा बापलेकीने दोन बाजूंनी धरून एकेक करून जिन्याने खाली नेली.