काकूची पाटी

मुलांनो, गेल्या पत्रात तुम्ही दोघांनी लिहिलंत की नोकरी आणि घर यांत दिवस पुरत नाही. "आजी, तू सगळं वेळेवर कसं उरकायचीस?" असं विचारलंत. ते मी कोणाकडून शिकले हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची लाज वाटत होती. आता डोळे अधू होत चाललेत, म्हणून लिहून टाकते.

माझी काकू सकाळी चूल पेटवण्याआधी पाटी घेऊन बसायची. दिवसाची सगळी कामं लिहायची आणि मग एकेक पुसत जायची. पुसण्याआधी विचारायची, "हे नाही केलं तर कोण उपाशी राहतंय गो?" कोणी उत्तर दिलं नाही की तिचं ओलं बोट त्या ओळीवरून फिरायचं.

ही सवय तिला सत्याग्रहाच्या वर्षी लागली. काका आणि माझे वडील तुरुंगात गेले. मांडवीच्या घरात उरल्या काकू, माझी आई आणि आम्ही चार मुलं. पोलीस केव्हाही झडतीला यायचे, तांदळाची मडकी उपडी करून जायचे. आई रडत बसायची. काकू तांदूळ गोळा करायची आणि पाटी मागायची.

तोवर आमच्याकडे रोज तीन पंगती होत: आधी पुरुष, मग मुलं, शेवटी बायका. काकूने एकच पंगत केली. दहा वाजता सगळ्यांनी बसायचं. मऊ भात, कुळथाचं पिठलं, असलं तर ताक. पानाभोवतीची रांगोळी बंद, पितळी भांडी माळ्यावर. शेजारणी कुजबुजत, नवरा तुरुंगात आणि ही हात झाडून मोकळी. काकूच्या कानावर ते आलं तेव्हा ती म्हणाली, "मोकळी झालेच आहे. बघायचं तर या म्हणावं दुपारच्या."

दुपारी ती माझ्या शेजारी बसून सातवीची पुस्तकं वाचायची. ती परीक्षा झाली की मुलींच्या शाळेत मास्तरीण होता येत होतं, आणि तिथल्या मोठ्या बाईंनी निकाल लागेपर्यंत तिच्यासाठी जागा धरून ठेवायचं कबूल केलं होतं. त्रैराशिक मला शाळेत कळलं नाही, काकूने समजावलं.

वर्षाने दोघे सुटून आले. तुरुंगात सगळ्या जातींच्या माणसांबरोबर एका पंगतीला जेवलो, हे काका सभेत फार सुरेख सांगत. घरी मात्र त्याच आठवड्यात तीन पंगती सुरू झाल्या. माळ्यावरची भांडी शिडीवर चढून मीच खाली दिली, आणि मला आनंदच झाला होता.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी काकांनी सांगितलं, उद्या चाळीस पान आहे, तुरुंगातले सोबती येताहेत.

काकू म्हणाली, "उद्या माझी परीक्षा आहे."

काका रागावले नाहीत. हसून म्हणाले, "परीक्षा काय, पुढच्या वर्षीही येईल. ही माणसं पुन्हा कधी एकत्र जमणार?"

सकाळी पाटीवर दोनच ओळी होत्या. परीक्षा. चाळीस पान. काकूने माझ्याकडे पाहिलं.

"मी परीक्षा नाही दिली तर कोण उपाशी राहतंय गो?"

मी तेरा वर्षांची होते. उत्तर मला येत होतं: तू. पण मला त्या जेवणावळीची हौस होती. मी गप्प राहिले आणि काकूचं बोट फिरलं.

शाळेतली जागा दुसऱ्या बाईला मिळाली. काकूने आपली पुस्तकं मला दिली आणि पुन्हा कधी परीक्षेचं नाव काढलं नाही. त्या पुस्तकांवर मी सातवी झाले, मग इंग्रजी शाळेत गेले, पुढे मास्तरीणही झाले. काकू चार वर्षांनी गेली. तिच्या तेराव्याला तीन पंगती उठल्या. बायकांची शेवटची, दुपारी चारला.

पाटी माझ्याकडे आहे. एक कोपरा उडालाय, पण लाकडी चौकट शाबूत आहे.