बोम्मसंद्राच्या ग्राइंडरवर आम्ही दोघं

बोम्मसंद्राच्या कारखान्यात आमचे फोरमन असलेल्या ज्या अण्णांनी मला ग्राइंडिंग शिकवलं, त्यांनीच पुढे माझ्या नवऱ्यालाही शिकवलं. मशीन तसंच, धडे तेच, शेवटची लेखी परीक्षाही तीच. परीक्षेत ह्यांना माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले आणि राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत ते कळायचं कुणी शिल्लक राहिलं नाही. मला आनंदच झाला होता, थोडा राग सोडला तर.

ग्राइंडिंग म्हणजे फिरत्या दगडी चाकाखाली पोलादाचा तुकडा घासून गुळगुळीत करायचा. घासता घासता चाकाची धार बुजते. मग थांबायचं, हिऱ्याच्या टोकाने चाक खरवडून घ्यायचं आणि पुन्हा सुरू करायचं. न थांबता रेटलं तर तुकडा तापतो, त्यावर निळा डाग पडतो आणि तो भंगारात जातो. आमची मशीनं जुनी, स्वतःहून काही सांगत नाहीत. कधी थांबायचं ते चाकाच्या आवाजावरून ओळखायचं. अण्णांनी हे दोघांनाही सांगितलं होतं. ह्यांना तर ते तोंडपाठ होतं.

पण माझ्या वडिलांचं कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान. शाळेतून आले की मी तिथेच बसून गृहपाठ करायची. दगड पात्याला धरतोय की नुसता घसरतोय, हे मान वर न करता कळायचं. त्यात माझी हुशारी काही नव्हती, वर्षानुवर्षं ते कानावर पडत होतं. ह्यांनी तेवढीच वर्षं ऑटो चालवली. मारतहळ्ळीच्या गर्दीत इंजिन कुरकुरलं म्हणून कुणी मध्येच थांबत नाही, मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. आधी माणसाला पोचवायचं, बिघाड मग बघायचा. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की चाक कण्हायला लागलं आणि मी खुणावलं, तरी म्हणायचे, “स्वल्प थांब गं, एवढा जॉब होऊ दे.” तो जॉब, म्हणजे हातातला तुकडा, हमखास निळा व्हायचा.

ऑटो विकून ते कारखान्यात आले होते, त्यामुळे परतीची वाट नव्हती. शेवटी अण्णांनी ह्यांना सांगितलं, शनिवारी माझ्यासमोर एक जॉब करून दाखव. नीट झाला तर मशीन तुझं, नाहीतर मला तुला ठेवता येणार नाही.

शनिवारी माझं मशीन नेमकं त्यांच्या समोर होतं. अण्णा त्यांच्या बाजूला हाताची घडी घालून उभे. अर्धं काम होत आलं आणि ह्यांच्या चाकाचा आवाज बदलला. हे पुढे चाललेलेच. माझा हात आपोआप माझ्या मशीनच्या हँडलवरून उचलला गेला. ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मशीन थांबवलं. चाक खरवडलं, काम पुरं केलं. जॉब लखलखीत निघाला. मला हुश्श झालं.

अण्णांनी त्यावरून बोट फिरवलं आणि कानडीत विचारलं, “आवाज ऐकून थांबलास ना?”

हो म्हणाले असते तर संपलं असतं. हे म्हणाले, “नाही अण्णा. हिचा हात थांबलेला दिसला म्हणून थांबलो.”

मला त्यांना बदडून काढावंसं वाटलं. अण्णा “सरी,” म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले आणि मशीनचं बटण त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलं. सोमवारपासून ह्यांना यायचं कारण नव्हतं.

घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. सिल्क बोर्डचा सिग्नल आला तेव्हा मला राहवलं नाही. “अहो, एक शब्द बोलायचा होता. तेवढंही जमलं नाही तुम्हाला?”

“बोललो असतो गं,” ते म्हणाले. “पण तुझी शिफ्ट बदलली की मी कुणाकडे बघणार होतो? मला तो आवाज खरंच ऐकू येत नाही.”

सिग्नल सुटला, बस हलली. मी त्यांचा हात हातात घेतला. चारचौघांत मी एरवी असं कधी करत नाही.