आतून कुणी ‘कोण’ म्हणालं नाही

वकीलसाहेब बोलायच्या आधी टेबलावर बोटाच्या पेराने ठोकायचे. टक टक. मग विचारायचे, "दार ठोकलं, आतून कुणी ‘कोण’ म्हणालं का? नाही ना? मग नकार कुणी दिला?"

भिवंडी कोर्टात ज्यांनी फेऱ्या मारल्यात त्यांनी हा ठोका ऐकला असेल. कोकणी मुसलमान, कोट कोपरावर विटलेला, खिशात भाजक्या शेंगा. चिडले की बाकाखाली टरफलांचा ढीग.

माझी बायको सुमन लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. मशीनच्या पट्ट्यात तिची बोटं गेली. मालक म्हणाला, ही आमची कामगारच नाही, पगार नाही, कांडीमागे पैसे घेते. सुमनचं मागणं एवढंच, "माझी बोटं कुनाच्या कामात गेली ते कोर्टानं सांगावं."

मालकाच्या वकिलाने शेलार गावच्या एका बाईचा जुना खटला काढला. तिलाही कामगार मानलं नव्हतं, आणि हायकोर्टाने तिचं अपील घेतलं नव्हतं. म्हणजे म्हणे हायकोर्टानेच ठरवून दिलं.

आमच्या बाजूने वकीलसाहेबांनी ठोकलं. "अहो, ते अपील उशिरा गेलं म्हणून परत आलं. आतलं कुणी वाचलंसुद्धा नाही."

जज्जसाहेबांनी मान डोलावली आणि निकालात मालकाच्या वकिलाचंच लिहिलं. हायकोर्टाने ठरवलंय.

आम्ही वर हायकोर्टात गेलो. सुमनचं अपीलही आल्या पावली परत. दखल घ्यायचं कारण नाही म्हणे. का नाही, ते सांगितलं नाही.

मी म्हणतो, ऐकायचं नाही तर नका ऐकू. पण न ऐकलेल्याचा कायदा कसा करता?

बाहेर आल्यावर सुमनच वकीलसाहेबांची समजूत काढू लागली. "भाऊ, शेंगा खा."

"वहिनी, आता उद्या दुसऱ्या बाईपुढे तुमचं नाव काढतील हे लोक."

"काढू द्या की. जलमात कोर्टात कुनी नाव घेतलं न्हवतं माझं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

सुमन गेली. कामगार न ठरताच गेली. तिच्यामागून वकीलसाहेबही गेले.

टेमघरच्या एका बाईचा हात असाच मशीनमध्ये गेला. तिच्या सोबतीला मी कोर्टात जाऊन बसलो. मालकाचा वकील उठला आणि त्याने सुमनचं नाव वाचलं. पुरं नाव, मधल्या माझ्या नावासकट. हायकोर्टाने ठरवलंय म्हणे. जिचं कुणी ऐकलं नाही, तिलाच दुसरीच्या आडवी घातली. माझ्या मेलेल्या बायकोला.

मी वकीलसाहेबांच्या जागेकडे बघितलं. तिथे कुणाच्या तरी फायली ठेवलेल्या. ठोका काही येईना.

मग मीच बाकावर ठोकलं. टक टक.

शिपाई धावला. "आजोबा, गप बसा."

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कोण आहे ते?"

ऐकलंत का, वकीलसाहेब? ‘कोण’ विचारलं त्यांनी.

मी गुडघ्यावर हात टेकून उठलो. "सुमनचा नवरा हाय, साहेब."