मातामाय ऑटोतून आली

खरं सांगते, त्या सकाळी मी मातामायशी भांडले होते. मातामाय म्हणजे आमची गावदेवी; वेशीवर कडुलिंबाखाली तिचं ठाणं आहे. ह्यांच्या किडन्या निकामी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिसला न्यावं लागतं, आणि निघण्याआधी मी तिला तांब्याभर पाणी घालतेच. त्या दिवशी नाही घातलं. "आज मी येत नाही, पाहिजे तर तूच ये," असं लांबूनच सुनावलं आणि घरी वळले.

का चिडणार नाही? रोवण्याचे दिवस होते. आमच्या दवनीवाड्याकडे भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, लागला की गावातला प्रत्येक ऑटो बाया वाहायला लागतो. उपटलेले पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, थांबत नाहीत, म्हणून शेतकरी गाड्या आधीच सांगून ठेवतात. नेमका आमचा नेहमीचा ऑटोवाला नातेवाइकाच्या मयतीला गेलेला. बाकीच्यांच्या दारी फिरले, तर जो तो "काकू, आज बाया हायेत जी" म्हणून हात जोडायचा. सरकारी ॲम्बुलन्स बाळंतिणीला घेऊन गेली होती. एसटीची पायरी ह्यांना चढवत नाही, आणि मोटरसायकलवर मधे बसवलं तर मान टाकतात. डायलिसिसची मागची पाळी तापामुळे चुकलेली. पाय सुजून टम्म, आडवं झालं की श्वास कोंडायचा. ही पाळी चुकली तर माणूस हाती लागणार नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

शेवटी ह्यांना धरून धरून फाट्यावर आणलं. एवढा दम लागलेला, तरी ह्यांची थट्टा काही जात नाही. म्हणाले, मातेसंग भांडली ना, आता बस वाट पाहत. मला राग आला आणि रडूही आलं.

तेवढ्यात बायांनी खच्चून भरलेला ऑटो आला. मी हात दाखवला नाही. त्यांचा गुत्ता ठरलेला असतो, म्हणजे अख्ख्या शेताचं काम अंगावर. उशीर झाला तर अंधार पडेपर्यंत वाकून राहावं लागतं. कोणत्या तोंडाने थांबवू? पण ऑटो आपणच थांबला. बायांची मुखीण भागरताबाई खाली उतरली, ह्यांच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे पाहिलं आणि मागे वळून एवढंच म्हणाली, "उतरा व बायाहो."

"अन् तुमचा रोवणा?" मी कसंबसं विचारलं.

"पायदळ जातो. बांधी का पळून जाऊन राहिली? तू भाऊले घेऊन जाय."

सगळ्या उतरल्या. कोणी कुरकुर केली नाही. एकीने पावसासाठी आणलेली पन्नी घडी करून ह्यांच्या पाठीशी लावली, आणि डबे डोक्यावर घेऊन त्या चिखलाच्या रस्त्याने चालू लागल्या.

दवाखान्यात वेळेवर पोचलो. सुई लागली आणि हळूहळू ह्यांचा श्वास सरळ झाला. तो पाहत बसले असता मला माझं सकाळचं बोलणं आठवलं: पाहिजे तर तूच ये.

परतताना ऑटोवाल्याला बायांना आणायचं होतं. हेच म्हणाले, चला, आपणही जाऊ. बांधीवर, म्हणजे त्यांच्या भाताच्या खाचरावर, गेलो तर शेवटचा तुकडा राहिलेला, सगळ्या अजून वाकलेल्याच. मी लुगडं खोचलं आणि उतरले चिखलात. भागरता ओरडली, "तू कायले व?" मी पऱ्ह्यांची पेंडी सोडली आणि तिच्या बाजूला रोवायला लागले. ऑटोत बसून हे माझ्या वाकड्या ओळीला हसत होते. ते हसताहेत, एवढंच मला पुरे होतं.

गाडीची जुळवाजुळव मी अजूनही करते, फोन करते, दारं ठोठावते. पण आता जीव टांगणीला लावत नाही. मी हात न दाखवताही थांबणारी ती आहे, हे मला कळलंय.

त्या संध्याकाळी चिखलाच्या पायांनीच ठाण्यावर गेले आणि राहिलेलं पाणी घातलं. म्हटलं, माय, तुला एकटीला ये म्हटलं होतं, तू तर ऑटो भरून आलीस.