फुकटचा सर्व्हर आणि माझा मेन स्विच

आमच्या घरात कोणतीही वस्तू विनाकारण चालू राहत नाही. मी वीजखात्यातून निवृत्त झालो, पण हात अजून नोकरीत आहे. कोणी खोलीतून उठलं की मी मागोमाग जाऊन पंखा बंद करतो. (कधी कधी ते उठायच्या आधीच.) अंबरपेठेतल्या आमच्या घरातून शेवटी बाहेर पडणाऱ्याने मेन स्विच पाडायचा, हा माझाच नियम.

तर आमच्या कन्येला, मृण्मयीला, आयटी लॅबच्या प्रोजेक्टसाठी क्लाउड हवा होता. लायब्ररीत कोणतं पुस्तक शिल्लक आहे हे सांगणारी वेबसाइट तिने केली होती, पण ती ठेवायला जागा नव्हती.

"क्लाउड म्हणजे कंपनीचा कॉम्प्युटर, बाबा. आपण इंटरनेटवरून वापरायचा."

"भाड्याने?"

"विद्यार्थ्यांना फुकट."

मी खुर्ची पुढे ओढली!

पण फुकट मिळवताना घाम फुटला. एका ठिकाणी कॉलेजचा ईमेल मागत होते. जामबागच्या तिच्या कॉलेजने ईमेल दिले होते, पासवर्ड द्यायचे राहिले होते. दुसरीकडे सगळं फुकट, फक्त क्रेडिट कार्ड हवं.

"फुकटाला कार्ड कशाला?"

"तुम्ही खरे आहात का ते बघायला."

"मग येऊन बघा म्हणावं!"

शेवटी माझं कार्ड आणि माझा ईमेल देऊन खातं उघडलं. त्याचं अ‍ॅपही मी फोनवर घेतलं. कार्ड माझं, मग लक्ष नको ठेवायला? "मर्यादेबाहेर चालू राहिलं तर पैसे कापतात," हे एक वाक्य मात्र तिने मला सांगायला नको होतं.

डेमोच्या दिवशी मृण्मयी सकाळीच कॉलेजला गेली. लॅबचे सगळे मार्क त्या डेमोवर होते. स्वयंपाकघरात आमच्या सौभाग्यवतींचा, म्हणजे मंगलचा, मिक्सर घरघरत होता. मी चहा घेत अ‍ॅप उघडलं आणि बघतो तर काय, तिचं क्लाउडवरचं मशीन, म्हणजे सर्व्हर, चालू! पोरगी घरात नाही, तिचा लॅपटॉप घरात नाही, आणि हे आपलं चालूच! तिथे दोन बटणं होती. एक 'थांबवा', दुसरं 'कायमचं काढून टाका'. अर्धवट काम मला आवडत नाही. मी दुसरं दाबलं. नक्की का, असं त्याने विचारलंही. मी नक्की म्हटलं.

थोड्या वेळाने फोन आला.

"बाबा, माझा सर्व्हर दिसत नाहीये! आता माझाच नंबर आहे!"

"दिसेल कसा? तू चालू ठेवून गेलीस. मी काढला."

"बाबा... तो चालूच ठेवायचा असतो!"

पोरीच्या वर्षभराच्या कष्टांवर मी चहा पिता पिता बोळा फिरवला होता.

"आता गं?"

"बॅकअप आहे. घरात तुम्ही आहात म्हटल्यावर ठेवावाच लागतो. नवं मशीन उभं करते. तुमच्या मेलवर कोड येईल, तो सांगा. फोन कट करू नका."

"मी तिकडेच येतो!"

(का? मला आजही सांगता येणार नाही.) फोन कानाला धरूनच स्विच पाडला, कुलूप लावलं, ऑटो पकडली. वाटेतला कोटीचा चौक आला तरी कोड येईना.

"बाबा, डेटा ऑन आहे ना?"

"घराबाहेर कशाला ऑन ठेवायचा?"

"अय्यो बाबा! ऑन करा!"

केला. कोड आला. तो मी भर रस्त्यात ओरडून सांगितला.

"आहिस्ता, चच्चा," ऑटोवाला म्हणाला, "पूरे शहर कू सुनारे क्या?"

मी कॉलेजच्या फाटकाशी ताटकळत होतो तेव्हा मृण्मयी हसत बाहेर आली. "सरांनी विचारलं, सर्व्हर अचानक गेला तर काय करशील? मी म्हटलं, सर, आत्ताच गेला होता. बाबांनी उडवला. परत उभा केलाय, बघा. पैकीच्या पैकी मार्क!"

"म्हणजे माझ्यामुळेच!" मी छाती फुगवली.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. मंगल होती.

"अहो, किती वेळ तुमचा फोन बिझी! मिक्सर मध्येच बंद पडला, घरभर लाइट नाही, आणि दाराला बाहेरून कुलूप! आहात कुठे तुम्ही?"

मृण्मयीने माझा दंड धरून मला ऑटोकडे ओढलं.

"पळा बाबा! आईचा बॅकअप नाहीये आपल्याकडे!"