ओलं बोट

सदाने मला फसवलं, हे आधी सांगतो. आज सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर गंधकाचा वास आला आणि कॉलेजची इथलीच सहल आठवली.

सर म्हणाले, "x³ + ax चा लोकल मिनिमम x = 2 ला आहे. a काढा. पहिला येईल तो स्पर्धेला."

ओल्या बोटाने मी तापलेल्या दगडावर डेरिव्हेटिव्ह लिहिला: 3x² + a = 0, म्हणून a = −12. सर येईपर्यंत दगड सुकला, आणि शेजारी बसलेल्या सदाने ते वहीत उतरवून घेतलं होतं.

"सर, माझं हाय ते!" मी ओरडलो. सदाने मान खाली घातली; सरांनी वही पाहून त्यालाच स्पर्धेला निवडलं. त्याच्या वाडीतून कॉलेजात आलेला तो पहिलाच. आज त्याच्यावर राग नाही.

पण सर, माझं बोट अजून ओलं होतं. ते तुम्ही का पाहिलं नाहीत?