न भाजलेला तुकडा

कच्च्या सिरॅमिकचा पातळ पांढरा पापुद्रा दोन्ही हातांनी ट्यूबलाइटसमोर धरायचा, मान तिरकी करायची आणि म्हणायचे, "बघू या, ही बया काय म्हणते." बाईंचा दिवस याखेरीज सुरू झालेला मला आठवत नाही.

अंधेरीच्या आमच्या कारखान्यात त्या थर लावत. मी फिल्टरची रचना करणारा अभियंता. हवी ती रेडिओलहर पुढे सोडायची आणि बाकीच्या अडवायच्या, एवढेच त्या साबुदाण्याएवढ्या वस्तूचे काम. तिच्यात असे वीस पापुद्रे एकावर एक बसतात. प्रत्येकावर चांदीच्या रेघा छापलेल्या. मग भट्टी. भट्टीत सगळे आकसते, म्हणून नक्षी आधीच तेवढी मोठी आखावी लागते.

किती आकसेल, हे पापुद्र्याच्या गुंडाळीगणिक बदलते. नवी गुंडाळी उघडली की बाई तळहाताएवढा तुकडा कापून आधी भाजत, मोजत, आणि मगच कामाला हात घालत. त्यात एक दिवस जाई. मी कुरकुरलो की म्हणत, "ओ साहेब, तुमचा कम्प्युटर भट्टीत बसत नाही. नवी सून आहे ती, जरा स्वभाव कळू दे." आम्ही सगळे हसत असू. तुम्हीही हसला असतात.

एका निकडीच्या मागणीच्या वेळी मात्र मी हसलो नाही. "जुन्या गुंडाळीचाच आकडा धरा," मी म्हणालो.

"एक तुकडा तरी भाजू या."

"बाई, वेळ नाही."

"बरं. तुम्ही म्हणता तर."

सगळा माल वाया गेला. एकही फिल्टर हव्या त्या लहरीवर बसेना. मॅनेजरने कारण विचारले तेव्हा मी म्हणालो, "थर सरकले असावेत." बाई दाराशीच उभ्या होत्या. माझ्या आकड्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. "माझे थर कापून बघा," एवढेच म्हणाल्या. कुणी कापले नाहीत. महिनाअखेरीस त्यांना कामावरून कमी केले.

पुढच्या आठवड्यात मी एक फिल्टर कापला. सूक्ष्मदर्शकाखाली वीसच्या वीस थर केसभरही सरकलेले नव्हते. चुकला होता तो माझा आकडा. मी ते दोन अर्धे तुकडे खिशात घातले आणि गप्प राहिलो. बोललो तर नोकरी जाईल, असे स्वतःला समजावले. तेही खरे नव्हते. फार तर बोलणी खावी लागली असती.

आजही नवी गुंडाळी उघडताना माझ्या खांद्यामागे कुणीतरी श्वास रोखून उभे असते. मी वळून पाहत नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्याआधी एकदाच, सगळे सांगून टाकायचे ठरवून, मी कांजूरमार्गला त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी पदराने खुर्ची पुसली. चहा टाकता टाकता त्यांची लेक आतून म्हणाली, "हेच काय ते, थर सरकले म्हणणारे?"

"गप गो!" बाई म्हणाल्या. "त्यांना खरंच तसं वाटलं होतं." मग माझ्याकडे वळून, जणू माझीच समजूत घालत असल्यासारखे, हळूच विचारले, "एक जरी फिल्टर कापून बघितला असता, तर तुम्ही बोलला असतात मां, साहेब?"

"हो," मी म्हणालो.